तडा गेल्यापासून ८३ दिवस

१७ मे २०२४, शुक्रवार. मावळात मतदान होऊन चार दिवस झाले होते, बोटावरची शाई अजून गेली नव्हती. सकाळी साडेआठला मी तळेगावहून चाकणला निघाले होते. गुडघ्याचा सांधा बदलून नऊ दिवस झालेले एक आजोबा माझी वाट बघत होते. इंदोरी मागे टाकलं आणि सुदुंबऱ्याच्या अलीकडे पुढे खडीचा डंपर आला. ताडपत्री एकाच बाजूने बांधलेली. मी अंतर राखून होते, पण त्याच्या मागच्या जोडचाकांच्या फटीत अडकलेला एक खडा सुटला आणि माझ्या पुढच्या काचेवर बसला. टपोरी गार पडावी तसा आवाज झाला. डाव्या बाजूला, वायपरच्या वर वीतभर अंतरावर, मसुराच्या डाळीएवढा पांढरा ठिपका उमटला.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गेली एकोणीस वर्षं घरोघरी जाऊन रुग्णांना व्यायाम देते. अर्धांगवायू झालेले, मांडीचं हाड मोडलेले, नवा गुडघा बसवलेले, असे माझे बहुतेक रुग्ण. त्यांना दवाखान्यात येता येत नाही, म्हणून मी जाते. तळेगाव, वडगाव, देहूरोड, चाकण मिळून रोज ७०-८० किलोमीटर होतात. एवढं फिरणं असल्यामुळेच २०२३ च्या दसऱ्याला इलेक्ट्रिक गाडी घेतली. रात्री घराखाली चार्जिंगला लावायची, सकाळी निघायचं. गाडी उत्तम चालते, आजही चालते, आणि मी पुन्हा इलेक्ट्रिकच घेईन. पण ती घेताना मी बॅटरीबद्दल पन्नास प्रश्न विचारले होते, काचेबद्दल एकही नाही. काचेचं काही विचारायचं असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या दिवशी आजोबांचा व्यायाम दीड तास चालला. बाहेर आले तेव्हा गाडी उन्हात भट्टीसारखी तापली होती. मी दार लावलं, एसी पूर्ण सोडला आणि गार वारा काचेच्या आतल्या बाजूला लागला. खालुंब्रे येईपर्यंत त्या ठिपक्यातून एक रेघ निघाली आणि माझ्या डोळ्यांदेखत बोटभर वाढली. संध्याकाळी ती हातभर झाली होती.

हे का होतं ते समजून घेतलं पाहिजे, कारण खडा लागल्यापासूनच्या पहिल्या काही तासांत बरंच काही आपल्या हातात असतं. गाडीच्या काचा दोन प्रकारच्या असतात. दारांच्या काचा बहुधा टफन, म्हणजे कडक केलेल्या. काच सव्वासहाशे अंशांच्या आसपास तापवतात आणि हवेच्या जोरदार झोतांनी एकदम थंड करतात. त्यामुळे तिचा पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि आतला गाभा ताणाखाली. ती मजबूत होते, पण फुटली की सगळीच्या सगळी बोथट दाण्यांत विखुरते. पुढची काच अशी विखुरली तर ताशी ऐंशीच्या वेगात चालकाला काहीच दिसणार नाही. म्हणून ती लॅमिनेटेड असते. साधारण दोन-दोन मिलिमीटरचे काचेचे दोन पत्रे आणि मध्ये पीव्हीबी नावाच्या चिवट, पारदर्शक प्लास्टिकचा पाऊण मिलिमीटरचा पडदा. दगड लागला तर बाहेरचा पत्रा तडकतो, पडदा त्याला धरून ठेवतो, आतला पत्रा शाबूत राहतो. या कल्पनेचं श्रेय एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच चित्रकार-रसायनज्ञाला देतात. १९०३ साली त्यांच्या हातून प्रयोगशाळेतला एक चंबू खाली पडला, तडकला, पण त्याचे तुकडे झाले नाहीत. आत पूर्वी ठेवलेल्या द्रावणाचा पातळ थर सुकून बसला होता, त्याने काच धरून ठेवली. १९०९ मध्ये त्यांनी या काचेचं पेटंट घेतलं.

लॅमिनेटेड काचेचे पत्रे कडक केलेले नसतात, त्यामुळे बाहेरच्या पत्र्याला गेलेला तडा वाट मिळेल तसा पुढे सरकतो. बाहेर ऊन, आत गार वारा, म्हणजे एक बाजू पसरणारी आणि दुसरी आकसणारी. तड्याच्या टोकाशी तो सगळा ताण गोळा होतो. हाडाच्या बारीक तड्याबद्दल मी रोज लोकांना सांगते की वजन टाकू नका, हिसका देऊ नका. काचेलाही तोच नियम लागू आहे, फक्त काच स्वतःहून सांधत नाही. खडा लागताच त्या ठिपक्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावायची, म्हणजे धूळ आणि पाणी आत शिरत नाही. एसीचा झोत काचेवर सोडायचा नाही, गाडी सावलीत ठेवायची आणि त्याच दिवशी काचवाल्याकडे जायचं. ठिपका छोटा असेल, काचेच्या कडेपासून लांब आणि चालकाच्या नजरेच्या बाहेर असेल, तर त्यात राळेसारखं द्रव भरून अतिनील दिव्याखाली ते घट्ट करता येतं. काम अर्ध्या तासाचं, खर्च थोडा. माझा ठिपका तसाच होता. मी सोमवारी गेले आणि तोवर वेळ निघून गेली होती.

सोमवारी, २० मे रोजी, सर्व्हिस सेंटरमध्ये विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, फोटो काढले, दावा मंजूर झाला. इथपर्यंत सगळं झटपट. आपल्याकडच्या मोटार विम्यात रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, पण काचेच्या भागांवर काहीच कापत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. सक्तीची वजावट भरायची, आणि काच चिकटवायला लागणारा माल विम्यात धरलेला नसेल तर तो आपल्या खिशातून. शिवाय दावा केला की पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस जातो. तो वाचवणारं वेगळं कलम आधीच घेतलेलं असावं लागतं. पैशांचा हिशेब मला मान्य होता. "मॅडम, पार्ट ऑर्डर केलाय, पंधरा दिवस धरा," असं तिथला मुलगा म्हणाला. मी पंधरा दिवस धरले.

४ जूनला फोन केला. "मॅडम, बॅक ऑर्डरला आहे." म्हणजे मागणी नोंदली आहे, पण माल गोदामात नाही. कधी येईल? सिस्टिममध्ये तारीख दाखवत नाही. २० जूनला तारीख दाखवायला लागली, जुलैची अखेर. हा मुलगा खोटं बोलत नव्हता, टाळतही नव्हता. त्याच्यासमोरच्या पडद्यावर जे होतं तेच तो मला वाचून दाखवत होता. तेवढ्याच अवधीत माझ्या सांगलीच्या भावाच्या चौदा वर्षं जुन्या पेट्रोल गाडीची पुढची काच झाडाची फांदी पडून फुटली. त्याने सकाळी फोन केला, दुपारी काचवाला घरी आला आणि चहा होईपर्यंत नवी काच बसवून गेला.

मला राग आला त्यापेक्षा नवल जास्त वाटलं. मी राहते ते तळेगाव दाभाडे काचेचं गाव आहे. अंताजी दामोदर काळ्यांनी माणशी एक पैसा गोळा करत पैसा फंड उभा केला, टिळकांनी त्याला पाठबळ दिलं, आणि त्यातून १९०८ साली इथे काच कारखाना सुरू झाला. परदेशी काचसामानावाचून आपलं अडू नये, म्हणून शाळकरी पोरांनीसुद्धा पैसा दिला होता. पुढे कऱ्हाडजवळ ओगलेवाडी उभी राहिली, तिथल्या प्रभाकर कंदिलाच्या उजेडात महाराष्ट्राच्या दोन पिढ्या शिकल्या. आज चाकणला आणि भोसरीला सेंट-गोबेन सेक्युरिटचे मोटारींच्या काचांचे कारखाने आहेत, तळोज्याला असाही इंडियाचा काचकारखाना आहे. ज्या रस्त्यावर माझी काच तडकली त्याच रस्त्यावरून काचांनी भरलेले ट्रक जातात. तरी माझी काच मिळत नव्हती.

याचं उत्तर मला चिंचवडच्या एका काचवाल्या मामांनी दिलं. तीस वर्षांपासूनचं दुकान, भिंतीला लागून शंभरेक काचा उभ्या. काच कायम उभी ठेवतात. आडवी रचली तर स्वतःच्या वजनाने तडकते. मामांनी माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली, आरशाच्या मागे बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, काच भरपूर आहे हो. हिचा साचा नाही."

मग त्यांनी समजावलं. सपाट काच कुठेही मिळते, पण गाडीच्या काचेला बाक असतो, आणि प्रत्येक मॉडेलचा बाक वेगळा. दोन पत्रे एकावर एक ठेवून साच्यावर भट्टीत घालतात. काच मऊ पडून आपल्याच वजनाने साच्यात बसते. मग धूळ आणि दमट हवा शिरू नये अशा बंद खोलीत मध्ये पडदा घालतात, आणि मोठ्या प्रेशर कुकरसारख्या टाकीत उष्णता आणि दाब देऊन सगळं एकजीव करतात. भट्टीतला साचा बदलायचा म्हणजे काम थांबवायचं, नवं माप जुळवायचं, पहिल्या काही काचा वाया घालवायच्या. म्हणून कारखाना एका मॉडेलच्या काचा एकदम बऱ्याच काढून ठेवतो आणि मग दुसऱ्याकडे वळतो. वर्षाला लाखभर खपणाऱ्या गाडीची पाळी सारखी येते. काही हजार खपणाऱ्या गाडीची पाळी कधीतरी येते. आणि ती आली की निघालेल्या काचा आधी नव्या गाड्या जोडणाऱ्या कारखान्यात जातात, कारण तिथे पट्टा थांबून चालत नाही. उरल्या तर सुट्या भागांच्या गोदामात. माझ्यासारखे लोक त्या उरलेल्यांवर अवलंबून असतात.

भावाच्या गाडीसारख्या लाखोंनी रस्त्यावर असलेल्या गाड्यांच्या काचा कंपनीबाहेरचे कारखानदारही बनवतात, कारण गिऱ्हाईक नक्की आहे. नव्या गाडीसाठी साचा करायला कुणी पैसे घालत नाही. "तुमच्यासारख्या दहा हजार गाड्या झाल्या आणि त्यातल्या पाचशे फुटल्या की बघा, माझ्याकडेपण काच येईल," मामा म्हणाले. त्यांनी ते सहज सांगितलं, पण मला ते वाक्य फार लागलं. म्हणजे आधी पाचशे लोकांनी वाट बघायची.

इलेक्ट्रिक गाडीचा इथे काय संबंध? विजेवर चालते म्हणून तिची काच उशिरा येते असं नाही. नव्या पेट्रोल गाड्यांनाही हा त्रास होतो. पण इलेक्ट्रिक गाड्यांत सगळी कारणं एकत्र येतात. आपल्याकडे सर्वसामान्यांना परवडणाऱ्या, लांब पल्ल्याच्या इलेक्ट्रिक मोटारी खऱ्या अर्थाने २०२० पासून दिसायला लागल्या. मॉडेलं कोवळी आहेत, संख्या कमी आहे, आणि काही गाड्यांचे बरेच भाग परदेशातून येतात. शिवाय काचही साधी राहिलेली नाही. इंजिनाचा आवाज नसला की वाऱ्याचा आवाज कानाला जास्त टोचतो, म्हणून मधल्या पडद्यात आवाज गिळणारा मऊ थर घालतात. हवा कापायला सोपी जावी, एका चार्जमध्ये चार किलोमीटर जास्त मिळावेत, म्हणून काच लांब आणि जास्त तिरपी. ऊन जास्त आत आलं तर एसी त्याच बॅटरीतून वीज खातो, म्हणून उष्णता अडवणारा लेप. आरशामागे पावसाचा संवेदक, आणि रस्त्यावरचे पट्टे व पुढची गाडी ओळखणारा कॅमेरा. हा कॅमेरा ज्या पट्टीवर बसतो ती काचेला कारखान्यातच चिकटवलेली असते. ती किंचित तिरकी असली तर कॅमेऱ्याची नजर शंभर मीटरवर भलतीकडे जाईल. मामा म्हणाले ते बरोबर होतं, अशी काच दुकानात रंधून-घासून बसवता येत नाही. छतभर काच असलेल्या गाड्यांचं तर आणखी अवघड. एवढा मोठा बाकदार पत्रा दूरवरून शाबूत आणणं हेच एक काम असतं.

मी विचारलं, बाहेरून कुणाकडून मागवता येईल का? तर तिथेही नियम आहे, आणि तो योग्य आहे. आपल्याकडे गाडीच्या सुरक्षा काचेला आयएस २५५३, भाग २ हे मानक आणि आयएसआय चिन्ह लागतं. तुमच्या गाडीच्या काचेचा खालचा कोपरा बघा, तिथे ते बारीक अक्षरांत छापलेलं असतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०० वा नियम सांगतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. चिन्हाशिवायची काच मला नकोच होती. पुढची काच नुसती वाऱ्यापावसासाठी नसते. ती गाडीच्या सांगाड्याला पॉलियुरेथेनने चिकटवलेली असते आणि छताला आधार देते. कित्येक गाड्यांत डाव्या बाजूची एअरबॅग उघडताना याच काचेवर टेकून प्रवाशाकडे वळते. डाव्या सीटवर माझी आई बसते.

जून लागला आणि पाऊस आला. २७ जूनला, तुकोबांची पालखी देहूतून निघायच्या आदल्या दिवशी, देहूरोडला एका रुग्णाकडे जाताना पाहिलं तर तड्याला दुसरी फांदी फुटली होती आणि ती माझ्या बाजूला वळली होती. आता रात्री समोरून येणाऱ्या ट्रकचा दिवा त्या रेघेवर पडला की संपूर्ण रेघ पेटायची, आणि तिच्या पलीकडचं काही क्षण काहीच दिसायचं नाही. त्या दिवसापासून मी अंधार पडल्यावर गाडी चालवणं बंद केलं. मुसळधार पावसात दिवसाही बंद केलं. संध्याकाळचे सहा रुग्ण सोडावे लागले, किंवा रिक्षा करून जावं लागलं. चाकणच्या आजोबांकडे रिक्षाने जाणं परवडेना, आणि तिकडची बस धरून परत यायला चार तास जायचे. आठवड्यातून पाच दिवस जायचं ते दोनवर आलं.

पर्यायी गाडीचा किंवा रोजच्या भत्त्याचा विमा काही लोक घेतात, मीही घेतला होता. तो लागू झाला नाही. गाडी वर्कशॉपमध्ये उभी असेल तेवढेच दिवस तो मोजतात, आणि तेही ठरावीक दिवसांपर्यंत. माझी गाडी चालत होती. सुट्या भागांच्या व्यवहारातही हेच. गाडी रस्त्यावरून पूर्ण हटली असेल तर तिला व्हीओआर म्हणतात आणि तिची मागणी रांगेत पुढे जाते. तडा गेलेली गाडी चालू धरली जाते, म्हणून ती रांगेच्या शेपटीला. मला हे मान्य नाही. चालकाच्या नजरेत तडा असलेली गाडी ही चालू गाडी नव्हे. पायाला गाठ असलेला माणूस चालतो म्हणून त्याला आपण बरा म्हणत नाही.

१३ जुलैला, अठ्ठावन्नाव्या दिवशी, फोन आला. "मॅडम, काच आली." रुग्णांना कळवून मी दहाला पोचले. लाकडी पेटी, बाहेर ठळक अक्षरात 'नाजूक', आत फोम, आणि फोममध्ये उजव्या खालच्या कोपऱ्यापासून वर गेलेला नवा तडा. प्रवासात कुठेतरी पेटी आडवी पडली होती. त्या मुलाच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. त्यानेही माझ्याइतकीच वाट पाहिली होती, रोज माझ्यासारख्या किती जणांचे फोन घेतले होते.

सोमवारी, १५ तारखेला, मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावला. मराठीत बोलता आलं, तक्रार क्रमांक मिळाला, आणि मी सगळ्या तारखा, बिलं, फोटो पाठवले. नवव्या दिवशी कंपनीच्या मुख्य कार्यालयातून फोन आला आणि पहिल्यांदा नक्की तारीख मिळाली. काच त्या फोनमुळे आली की येणारच होती, हे मी सांगू शकत नाही. पण साठहून अधिक दिवसांत मी ज्यांना भेटले ते सगळे पडदा वाचून दाखवणारे होते, आणि हा माणूस तारीख देऊ शकणारा होता. तक्रार वेळेवर केली पाहिजे, आणि लेखी केली पाहिजे.

हा विषय सरकारदरबारी नवा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता, मुद्दा हाच की मूळ सुटे भाग खुल्या बाजारात मिळत नाहीत आणि बाहेरच्या कारागिरांना दुरुस्तीची माहिती दिली जात नाही. पुढे अपिलं झाली. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि त्या वर्षाच्या अखेरीस त्यासाठीचं पोर्टलही सुरू झालं. त्यात शेती अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं यांच्या जोडीला मोटारी आहेत. ही पावलं मला मोलाची वाटतात. पण त्यांचा भर भाग आणि माहिती मिळण्यावर आहे, आणि किती दिवसांत, हा प्रश्न उरतोच. माझं म्हणणं साधं आहे. ज्या काचेवाचून गाडी सुरक्षित नाही ती काच, विकलेल्या गाड्यांच्या प्रमाणात, देशात साठवलेली असली पाहिजे, आणि ती नसेल तर त्या दिवसांची पर्यायी गाडी कंपनीने द्यावी. शोरूममध्ये एका चार्जमध्ये किती किलोमीटर हा आकडा जसा भिंतीवर लावतात, तसा पुढच्या काचेची किंमत आणि ती मिळायला लागणारे दिवस हेही लावावेत. भाग न मिळाल्याचं दुसरं टोक अमेरिकेत दिसलं. जून २०२४ मध्ये, मी इथे फोन करत होते त्याच महिन्यात, फिस्कर ही इलेक्ट्रिक मोटार कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि गाड्या चालू राहाव्यात म्हणून मालकांनाच संघटना करून धडपडावं लागलं.

२५ जुलैला पुण्यात नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं तो दिवस सगळ्यांना आठवत असेल. मावळातही रात्रभर धो-धो. मी घरीच होते. आईने खिडकीतून खाली बघितलं आणि म्हणाली, "काचेतून पाणी आत जाईल का गं?" आत गेलं नव्हतं. पण तड्याच्या कडेने दमट हवा शिरून पडद्याला दुधी रंग यायला लागला होता.

८ ऑगस्टला काच बसली. मी पूर्ण वेळ तिथे उभी राहिले, त्यांनी नको म्हटलं तरी. दोघा कारागिरांनी पोलादी तार आतून बाहेर ओवून, दोन्ही बाजूंनी करवतीसारखी ओढत जुनं पॉलियुरेथेन कापलं. पूर्वी फियाट आणि अँबॅसेडरच्या काचा रबराच्या बीडिंगमध्ये बसायच्या, दोरीने रबराची कड ओढून घेतली की काम झालं. आता चौकट साफ करायची, प्रायमर लावायचा, मग पॉलियुरेथेनची एकसलग धार सोडायची, आणि रबरी शोषकपेल्यांनी धरून काच एकदाच, नेमकी टेकवायची. चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. काचेच्या कडेचा काळा पट्टा शोभेचा नसतो, हे मला तेव्हा कळलं. तो उन्हातल्या अतिनील किरणांपासून त्या चिकटद्रव्याला वाचवतो. हे चिकटद्रव्य हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं. "पावसाळा बरा या कामाला," थोरला कारागीर म्हणाला. मग गाडी सपाट फरशीवर घेतली, समोर मोजून अंतरावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा फलक उभा केला आणि संगणक जोडून कॅमेऱ्याला नव्या काचेतून पुन्हा बघायला शिकवलं. त्यानंतर पट्टे स्पष्ट असलेल्या रस्त्यावर एक फेरी. एक दिवस काचेवरच्या चिकटपट्ट्या काढायच्या नाहीत, दार आपटायचं नाही, खिडकी बोटभर उघडी ठेवायची, म्हणजे आतल्या हवेचा दाब ओल्या जोडावर येत नाही.

जुनी काच भिंतीला टेकवून ठेवली होती. तड्यांचा नकाशा अख्ख्या काचेवर पसरलेला, तरी एक तुकडा निसटला नव्हता. त्या पडद्याने ८३ दिवस सगळं धरून ठेवलं होतं. धाकट्या कारागिराला मी नव्या काचेचा कोपरा वाचायला सांगितला. आयएसआय चिन्ह, मानकाचा क्रमांक, कारखान्याचा क्रमांक, आणि शेवटी वर्षाचा अंक आणि महिन्याच्या खुणा. त्याने बोटाने मोजून सांगितलं, "जून चोवीस, मॅडम." माझी काच मे महिन्यात तडकली होती. तिची मागणी नोंदवली, तेव्हा ही काच जगात कुठेच नव्हती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पट्ट्या काढल्या आणि शनिवारी सकाळी चाकणला गेले. आजोबा पलंगाच्या कडेला बसलेच होते. मापक लावून पाहिलं, गुडघा पंच्याऐंशी अंशांवर अडत होता. शस्त्रक्रियेला तीन महिने होऊन गेले होते, एव्हाना एकशे दहाच्या पुढे जायला हवा होता. जिना चढायला नव्वद तरी लागतात, आणि त्यांची खोली माडीवर आहे. मी त्यांच्या टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली, गुडघ्यावर हात ठेवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.